कुरणांच्या गांवांतील गवत

स्पॅनिश भाषेंत 'लास वेगास' या शब्दांचा अर्थ 'कुरणें' असा आहे. या नांवाचें शहर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडा संस्थानांत, मोहावीच्या वाळवंटांत वसलेलें आहे. तेथें वर्षाकाठीं पाऊस पडतो अवघा चार इंच. आमचा माण-खटावचा दुष्काळी मुलूखही त्या मानानें सुजल म्हणावा लागेल. तरी पण नांव खोटें नव्हतें. एके काळीं तेथें जमिनींतून झरे उफाळून वर येत आणि त्यांच्या ओलाव्यावर खरोखरीच गवत माजे. १९०५ सालीं आगगाडीच्या आश्रयानें गांव वसलें, विहिरी खोदल्या गेल्या, उपसा वाढत गेला, आणि १९६२ सालीं त्या झऱ्यांचें पाणी भूपृष्ठावर येणें अजीबात थांबलें. मौज अशी कीं, कुरण मरत होतें त्याच काळांत गांवांत घरोघर दारापुढें नवें गवत वाढत होतें. तें झऱ्याचें नव्हतें, नळाचें होतें.

घरापुढील हिरवळीची ही हौस मूळची अमेरिकेची नव्हे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय येथील बागेंत 'हिरवा गालिचा' या नांवाचा गवताचा लांबलचक पट्टा होता. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील उमरावांनीं तर आखीव ताटवे मोडून वाड्याच्या पायरीपर्यंत कुरणच आणून भिडविलें. इंग्लंडांत पावसाची भुरभुर बारमाही, म्हणून गवतास पाणी घालण्याचा प्रश्नच नव्हता. खर्च होता तो कापणीचा. विळे घेतलेले मजूर किंवा मेंढरांचे कळप ज्यास बाळगतां येत, आणि दारापुढची जमीन पिकाविना पडूं देणें ज्यास परवडे, त्यालाच हिरवळ शोभे. १८३० सालीं ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग यानें गवत कापण्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला. लोकरी कापडावरील लव कातरणारें गिरणींतील यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. उमरावाचें वैभव त्या दिवसापासून कारकुनाच्या आवांक्यांत आलें.

अमेरिकेंत या वैभवास नीतीचें रूप मिळालें. १८६९ सालीं शिकागोजवळ रिव्हरसाइड हें उपनगर ऑल्मस्टेड यानें आंखलें, तेव्हां प्रत्येक घर रस्त्यापासून तीस फूट मागें घेण्याचें बंधन त्यानें घातलें. पुढच्याच वर्षीं फ्रँक स्कॉट यानें उपनगरांतील बागांवर ग्रंथ लिहून, घरापुढें कुंपण घालून शेजाऱ्याच्या दृष्टीस आपली बाग पडूं न देणें हें असभ्यपणाचें लक्षण ठरविलें. सगळ्यांच्या हिरवळी एकमेकींत मिसळून गल्लीभर एकच गालिचा पसरावा, ही कल्पना तेथून रूढ झाली. १९४७ सालीं न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन वसलें, तेव्हां घराबरोबर तयार हिरवळही मिळूं लागली, आणि ती आठवड्यास एकदां कापलीच पाहिजे अशी अट खरेदीखतांत घालण्यांत आली. आपल्या अंगणांतील गवत किती वाढावें हें दस्तऐवजानें ठरावें, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते. परंतु सोंवळ्या-ओंवळ्याचे नियम परक्यास असेच चमत्कारिक वाटत असतील.

न्यूयॉर्कास पाऊस आहे. तेथील रीत जशीच्या तशी वाळवंटांत गेली हें खरें दुखणें. दक्षिण नेवाडाचा जीव कोलोरॅडो नदीवर, आणि त्या नदीची वांटणी झाली १९२२ च्या कराराने व १९२८ च्या कायद्यानें. खालच्या खोऱ्यांतील ७५ लाख एकर-फूट पाण्यापैकीं कॅलिफोर्नियास ४४ लाख, अ‍ॅरिझोनास २८ लाख आणि नेवाडास केवळ ३ लाख मिळालें. (एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभें राहील इतकें पाणी तें एक एकर-फूट.) त्या वेळीं नेवाडांत माणसें ती किती, आणि लास वेगास तर एक आगगाडीचें ठाणें! कोणी कुरकुर केली नाहीं. पुढें मात्र गांवाचें महानगर झालें, तरी वांटा तोच राहिला.

हिरवळीवरच रोख कां वळला, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लास वेगासच्या घरांत न्हाणें, धुणें, भांडीं यांस लागलेलें पाणी गटारांतून जमा होऊन शुद्ध केलें जातें व परत मीड सरोवरांत सोडलें जातें. जितकें परत जाईल तितकें हिशेबांत जमेस धरून पुन्हा उचलतां येतें. म्हणजे घरांत वापरलेलें पाणी बव्हंशीं खर्चच होत नाहीं. अंगणांत शिंपडलेलें मात्र उन्हानें उडून जातें, तें गेलेंच. तेव्हां काटकसर करावयाची ती अंगणांतच.

वाळवंटांतील हिरवळ किती पाणी पिते? तेथील जलखात्यानें अनेक वर्षें घरोघर मापें घेऊन २००५ सालीं हिशेब प्रसिद्ध केला. एक चौरस फूट गवतास वर्षास ७३ गॅलन. त्याच जागीं कमी पाण्याचीं झाडें लावलीं तर १७ गॅलनांच्या आसपास. आमच्या वाचकांस गॅलनांनीं बोध होणार नाहीं, म्हणून तें पाणी पाऊस समजून इंचांत मोजून पाहिलें. ७३ गॅलन म्हणजे ११७ इंच पाऊस, आणि १७ गॅलन म्हणजे सुमारें २७ इंच! चार इंचांच्या मुलुखांत जो तो आपल्या दारापुढें कोंकणचा पावसाळा पाडीत होता. बाग बदलल्यावर तो पुण्याच्या पावसावर आला. घरचा एकूण पाण्याचा खप त्यामुळें शेंकडा तीसनें उतरला, आणि बागेच्या निगराणीचे श्रमही सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें कमी झाले.

अशा बागेची शास्त्रशुद्ध मांडणी प्रथम डेन्व्हर येथें झाली. तेथील जलखात्यानें १९८१ सालीं 'कोरडा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'झेरिस्केप' असें नांव घडविलें. आमच्या भाषेंत 'अल्पजल बाग' म्हणतां येईल. नांवांतील कोरडेपणामुळें पुष्कळांचा असा समज झाला कीं, गवत उपटून खडी पसरली व मध्यें एक निवडुंग रोंवला कीं काम झालें. नुसती खडी दिवसभर तापते आणि रात्रीं घराला भाजून काढते. म्हणून लास वेगासमध्यें १९९९ पासून गवत काढणारास जें अनुदान मिळूं लागलें (प्रथम चौरस फुटास ४० सेंट, पुढें तीन डॉलर व त्याहूनही अधिक), त्यांत झाडें पूर्ण वाढल्यावर निम्मी जमीन त्यांच्या सावलीखालीं आली पाहिजे, अशी अट आहे. दुसरी अट याहून मासलेवाईक. घरधन्यानें पुन्हा गवत लावणार नाहीं असें लिहून द्यावयाचें, आणि हें बंधन जमिनीबरोबर पुढील मालकाकडेही जावयाचें. लेव्हिटाउनच्या खतानें जें सक्तीचें केलें, तेंच या खतानें निषिद्ध केलें.

आतां गवत काढावयाचें कसें? उष्ण प्रदेशांतील अमेरिकनांचें 'बर्म्यूडा' गवत म्हणजे आमची हरळीच, ज्या दूर्वा आम्ही गणपतीस वाहतों त्या. हिला मारणें किती कठीण, हें आमच्या शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. पाणी तोडलें तर ती सुकते, मरत नाहीं. वर पुठ्ठे अंथरून माती घातली तर फटींतून डोकें काढते. तेथील माळी भर उन्हाळ्यांत ओल्या जमिनीवर पारदर्शक कापड पसरून खालची माती तापवितात. आमच्याकडे उन्हाळी नांगरटीनंतर हरळीच्या काशा वेंचून उन्हांत टाकतात, त्यांतलें तत्त्व हेंच.

त्या जागीं जीं झाडें येतात त्यांत आमच्या ओळखीचीं पुष्कळ. बांधावरचें घायपात तेथें मानाचें झाड; आमच्याकडे वेडी बाभूळ म्हणून शिव्या खाणारीच्या जातभाई 'मेस्किट'ची सावली तेथें मोलाची; आणि रानांत माजलेली घाणेरी तेथें फुलांसाठीं मुद्दाम लावितात. हीं तिन्ही मूळचीं अमेरिकेचींच. आम्ही तीं घेतलीं आणि पुढें पस्तावलों.

कमी पाण्याची बाग म्हणजे बिनकष्टाची बाग, ही दुसरी गैरसमजूत. नवें रोप पहिलीं एक-दोन वर्षें मूल सांभाळावें तसें पाजावें लागतें. झाड वाढूं लागलें कीं ठिबकाची नळी बुंध्यापासून दूर सरकवावी लागते, कारण मुळें पानांच्या घेराबरोबर बाहेर जातात. हें कोणी करीत नाहीं, आणि मग झाड कलतें. याहून वाईट प्रकार जुन्या वृक्षांचा झाला. हिरवळींत वाढलेल्या वृक्षांचीं मुळें वरवरच्या शिंपणावर पोसलेलीं. गवताबरोबर तें शिंपण गेलें, कित्येक ठिकाणीं वृक्षासाठीं निराळी नळी कोणी घातली नाहीं, आणि चाळीस-पन्नास वर्षांची सावली दोन उन्हाळ्यांत वाळली. ११० अंशांच्या उन्हांत सावली गमावणें ही लहान हानि नव्हे.

एवढें करून साधलें काय? २००२ सालीं दक्षिण नेवाडानें आपल्या वांट्याहूनही अधिक पाणी घेतलें होतें. त्यानंतर वस्ती सात लाखांहून अधिक वाढली, तरी २०२३ सालीं खर्च दोन लाख एकर-फुटांच्या आंत राहिला. वीस कोटी चौरस फुटांहून अधिक गवत निघालें. असें असलें तरी कोलोरॅडोचें बहुतेक पाणी शेतीकडे जातें, आणि त्यांतील मोठा भाग गुरांच्या चाऱ्यासाठीं, विशेषतः लसूणघासासाठीं, हें विसरतां येत नाहीं. गृहस्थानें अंगण उकरावें आणि सातशें मैलांच्या परिसरांत घास मात्र डोलत राहावा, हा न्याय मला पुरता पटत नाहीं. परंतु घासाचें गवत निदान गुरें खातात.

२०२१ सालीं नेवाडानें कायदाच केला. ज्यावर कोणी चालत नाहीं, खेळत नाहीं, अशा रस्त्याकडेच्या व दुकानांपुढच्या शोभेच्या गवतास १९२२ च्या करारांतील नदीचें पाणी २०२६ च्या अखेरीनंतर मिळावयाचें नाहीं. एकेकट्या कुटुंबाच्या घरांस त्यांतून वगळलें आहे. त्यांच्या हिरवळीचा निर्णय अजून त्यांचा त्यांनीं करावयाचा आहे.