प्रतिमासंस्करण व संगणकीय दृष्टी (विद्यापीठीय अभ्यासक्रम)

कॅमेरा, स्कॅनर, क्ष-किरण यंत्र किंवा उपग्रह यांनी टिपलेल्या प्रतिमेचे अंकांत रूपांतर करून तिच्यावर गणिती क्रिया करणे आणि त्या प्रतिमेतून दृश्याविषयीची माहिती संगणकाकरवी मिळविणे, या दोन संलग्न विषयांचा अभियांत्रिकी व संगणकशास्त्र शाखांतील अभ्यासक्रम. प्रतिमासंस्करणात एका प्रतिमेपासून अधिक स्पष्ट किंवा अधिक उपयुक्त अशी दुसरी प्रतिमा तयार होते. संगणकीय दृष्टीत प्रतिमेवरून वस्तूची ओळख, माप किंवा निर्णय हाती येतो. दुसऱ्या विषयाचा पाया पहिल्यात असल्यामुळे बहुधा ते याच क्रमाने शिकविले जातात.

इतिहास : रसेल किर्श यांनी अमेरिकेत 1957 मध्ये स्कॅनरच्या साहाय्याने एका छायाचित्राचे 176 × 176 बिंदूंत अंकीकरण केले. 1960 नंतरच्या दशकात चंद्रावर गेलेल्या यानांनी पाठविलेली चित्रे सुधारण्याच्या गरजेतून प्रतिमासंस्करणाला, तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील 1966 च्या उन्हाळी प्रकल्पासारख्या प्रयत्नांतून संगणकीय दृष्टीला चालना मिळाली. भारतात मार्च 1988 मध्ये सोडलेल्या आयआरएस-1ए या उपग्रहापासून पिके, जलसाठे व पडीक जमिनी यांच्या अभ्यासासाठी स्वदेशी उपग्रहाच्या प्रतिमा नियमित मिळू लागल्या आणि त्यांचे विश्लेषण करू शकणाऱ्या मनुष्यबळाची गरज वाढली.

अध्यापनाची ठिकाणे : महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संगणकशास्त्र विभागात अंकीय प्रतिमासंस्करण व संगणकीय दृष्टी हे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. सांगली, सातारा व कोल्हापूर हे जिल्हे 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात; सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासूनचे आहे. अभियांत्रिकी पदवीच्या अभ्यासक्रमांत हा विषय साधारणतः तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, बहुतेकदा ऐच्छिक म्हणून येतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारख्या, अभियांत्रिकी शिक्षणाच्या केंद्रांपासून दूरच्या तालुक्यातील विद्यार्थ्याला खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. प्रबीरकुमार बिस्वास यांची व्याख्याने एनपीटीईएल या उपक्रमातून विनामूल्य ऐकता येतात.

अभ्यासघटक : रेषीय बीजगणित, संभाव्यता व कलन यांची पूर्वतयारी गृहीत धरलेली असते, कारण संगणकाच्या लेखी प्रतिमा ही अंकांची सारणी असते. सारणीतील प्रत्येक घराला पिक्सेल म्हणतात. करड्या प्रतिमेत पिक्सेलची तेजस्विता सामान्यतः 0 ते 255 या अंकांनी दाखवितात, तर रंगीत प्रतिमेत लाल, हिरवा व निळा असे तीन अंक लागतात. त्यामुळे 1920 × 1080 आकाराच्या चित्रात 20,73,600 पिक्सेल आणि त्याच्या तिप्पट अंक असतात.

पुढील टप्प्यांचे कार्य आटपाडी तालुक्याचे प्रमुख फळपीक असलेल्या डाळिंबाच्या पानावरून नीट समजते. तेल्या या जिवाणुजन्य रोगात पानावर प्रथम पाणी शोषल्यासारखे ठिपके उमटतात, ते पुढे तपकिरी-काळे होऊन त्यांभोवती पिवळसर कडा दिसते, आणि फळावरील डाग वाढल्यावर साल तडकते. पानाचे छायाचित्र घेतल्यावर प्रथम विवर्धन, म्हणजे तेजस्वितेतील फरक ठळक करणे व गोंगाट कमी करणे, ही क्रिया होते. शेजारच्या नऊ पिक्सेलांची मध्यका घेणारा गाळक सुटे पांढरे-काळे ठिपके काढून टाकतो. त्यानंतर विभाजनात पान पार्श्वभूमीपासून आणि डाग पानापासून वेगळा केला जातो. त्यासाठी लागणारी तेजस्वितेची सीमा प्रतिमेवरूनच ठरविणारी रीत नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 मध्ये मांडली, तर कडा शोधण्याची जॉन कॅनी यांची 1986 ची रीत आजही वर्गात शिकविली जाते. शेवटी डागाचा रंग, आकार व पोत ही वैशिष्ट्ये मोजून वर्गीकरण केले जाते.

संगणकीय दृष्टीच्या भागात कॅमेऱ्याची भूमिती येते. दूरचे मोठे फळ आणि जवळचे लहान फळ चित्रात सारख्याच आकाराचे दिसू शकते; म्हणून प्रतवारीसाठी फळाचा व्यास हवा असल्यास कॅमेऱ्याचे अंशांकन करून अंतर माहीत असावे लागते किंवा दोन कॅमेऱ्यांतील स्थानफरकावरून ते काढावे लागते. 2012 मध्ये ॲलेक्सनेट या चेताजालाने इमेजनेट या प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत मोठे यश मिळविल्यानंतर वैशिष्ट्ये हाताने निवडण्याऐवजी ती उदाहरणांवरून शिकणाऱ्या बहुस्तरीय जालांना अभ्यासक्रमात मोठे स्थान मिळाले.

मर्यादा व मूल्यमापन : उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली त्या उदाहरणांच्या कक्षेतच भरवशाची असते. प्लँटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहातील 54,306 चित्रे वापरून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच संग्रहातील वेगळ्या ठेवलेल्या चित्रांवर अचूकता 99.35 टक्के आली, परंतु वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या चित्रांवर ती सुमारे 31 टक्क्यांपर्यंत घसरली. त्या संग्रहातील 14 पिकांत तासगावच्या परिसरात पिकणारे द्राक्ष आहे, पण डाळिंब नाही. शिवाय आटपाडीच्या बागेत कडक ऊन, पानावरची धूळ, फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचा निळसर-पांढरा थर आणि उन्हाने पडलेले चट्टे यांमुळे निरोगी भागही प्रणालीला रोगट वाटू शकतो. त्यामुळे स्थानिक बागेतील, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आणि वनस्पतिरोगतज्ज्ञांनी तपासून नावे दिलेल्या चित्रांचा संग्रह करणे हे येथील विद्यार्थ्यांसाठी दुय्यम काम नसून विषयाचा गाभा ठरते.

केवळ अचूकतेचा टक्का फसवा असू शकतो. 100 पानांपैकी 95 निरोगी असतील, तर सर्वच पाने निरोगी ठरविणारी प्रणाली 95 टक्के अचूक ठरते, मात्र एकही रोगट पान शोधत नाही. म्हणून खऱ्या रोगट पानांपैकी किती सापडली आणि रोगट म्हटलेल्यांपैकी किती खरोखर रोगट होती, ही दोन्ही मापे द्यावी लागतात. लक्षण वेळेवर न ओळखल्यास रोग बागेत पसरतो आणि चुकीच्या इशाऱ्याने औषधाचा खर्च वाया जातो, म्हणून कोणती चूक अधिक महाग पडते, हे शेतकऱ्याशी बोलून ठरविणे हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

प्रात्यक्षिके व प्रकल्प : प्रयोगशाळेत पायथन भाषा व ओपनसीव्ही हा मुक्त आज्ञावली-संग्रह यांचा वापर रूढ आहे. सुरुवातीचे प्रयोग साध्या संगणकावर व मोबाइलच्या कॅमेऱ्यावर होऊ शकत असल्याने साधनांची कमतरता हा मोठा अडथळा राहत नाही. प्रकल्पाच्या अहवालात चित्रे कोठे, कोणत्या हंगामात व कोणत्या प्रकाशात घेतली, प्रशिक्षणासाठी व चाचणीसाठी वेगळ्या बागा वापरल्या की नाही, आणि प्रणाली कोणत्या परिस्थितीत चुकते, यांची नोंद असणे आवश्यक मानावे. त्या नोंदीशिवाय तयार झालेली प्रणाली प्रयोगशाळेत गुण मिळवील, परंतु बागायतदाराने तिच्या निकालावर फवारणीचा निर्णय घ्यावा, इतकी ती विश्वासार्ह ठरत नाही.