वार्ता म्हणजे गोष्ट

सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाचा आम्हा बडोदेकरांना अभिमान. १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात ते सुरू झालं. पण तो कायदा शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होता. मूल बोलायला शिकतं ती त्याआधीची वर्षं घरच्यांच्याच हाती राहिली.

त्या वयाकडे मनापासून पाहिलं ते भावनगरात. १९२० साली तिथे दक्षिणामूर्तीचं बालमंदिर निघालं. चालवणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. पुढे ताराबाई मोडक तिथे रुजू झाल्या. मराठी बाई, गुजराती मुलांत! माँटेसरीची साधनं होतीच, पण गिजुभाईंचा खरा जीव गोष्टींत. 'वार्तानुं शास्त्र' असं पुस्तकच त्यांनी लिहिलं. आपली वार्ता म्हणजे बातमी, गुजरातीतली वार्ता म्हणजे गोष्ट. मूल गोष्ट ऐकतं, तीच पुन्हा मागतं, मग अधलामधला शब्द स्वतः म्हणतं. बोलणं असंच येतं.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत आल्या, आणि १९५७ साली ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेकडे येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. अडीच वर्षांचा झाला तरी मोजके शब्द बोलायचा. एका शाळेत सांगितलं, "दोन-तीन भाषांनी गोंधळतो, घरी फक्त इंग्रजी बोला." सासूबाई नव्वदीच्या, त्यांना इंग्रजी कुठलं येतंय? पणतवंडासमोर त्या गप्पच बसू लागल्या. दिवसभर त्याच्याशी बोलणारं घरातलं एकमेव माणूस मुकं झालं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आधी कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग त्या म्हणाल्या, दोन भाषांनी बोलणं लांबत नाही. 'चिऊ' मराठीतला आणि 'चकली' गुजरातीतला, पक्षी एकच, पण शब्द दोन्ही मोजायचे. तुम्हाला सहज येते त्या भाषेत भरपूर बोला. तो बघेल त्याचं नाव घ्या. तो 'पाणी' म्हणाला की "गार पाणी हवं?" म्हणा, आणि थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. मोबाइल असा थांबत नाही.

सासूबाईंचा काऊ-चिऊचा घास त्याच दिवशी परत सुरू झाला. आता तो त्यांच्याशी मराठीत आणि शेजारच्या बांशी गुजरातीत भांडतो.

एक मात्र सांगते. दीड वर्षापर्यंत शब्दच नाहीत, किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून बसू नका, कान तपासून घ्या. पण त्यासाठी घरातली मराठी बंद करू नका. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून आपण ती टिकवली ती शाळेमुळे नव्हे, मांडीवरच्या गोष्टींमुळे. तुमच्या घरी कोणती गोष्ट रोज सांगत, नक्की लिहा.