एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना मुंबईत परीक्षा घेणारी एक संस्था कायद्याने जन्मास आली, आणि आपल्याकडील उच्च शिक्षणाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तेथूनच आरंभ करतात. परंतु ज्याला आपण विद्यार्थिजीवन म्हणतो, म्हणजे एकत्र जमणे, वाद घालणे, मागून येणाऱ्यांना हात देणे, आपण शिकलो ते दुसऱ्यापर्यंत पोचविणे, त्याचा आरंभ मुंबईत ह्यापूर्वी नऊ वर्षे झालेला होता. आणि तो कोणा सरकारी ठरावाने झालेला नव्हता.

गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त झाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावे मोठा निधी जमविला. त्यातून १८३५ च्या सुमारास ऑर्लेबार व हार्कनेस हे प्राध्यापक विलायतेहून आले. त्यांच्या जोडीला आपले बाळशास्त्री जांभेकर होते. ह्या विद्यालयात वरच्या वर्गातील हुशार मुलांना शिष्यवृत्ती मिळे आणि खालच्या वर्गांना शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे येई. ही पद्धती त्या काळी इंग्रजांची म्हणून मिरवली जात असे, पण तिचे मूळ आपल्याच देशातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस असलेल्या डॉ. अँड्र्यू बेल ह्यांनी देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही रीत आपल्या शाळेत चालविली, आणि तीच विलायतेत नेऊन तिच्यावर पुस्तक लिहिले. पंतोजी विलायतेची वारी करून आला, आणि परतल्यावर त्याला कोणी ओळखले नाही, इतकेच!

जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी प्रा. पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. पॅटन पहिले अध्यक्ष झाले. परंतु सभेचा खरा गाडा ओढणारे तरुण हिंदी होते, आणि त्यांत तेवीस वर्षांचेही न झालेले दादाभाई नौरोजी अग्रभागी होते. सभासदाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा क्रम ठरला. धर्म आणि राजकारण हे दोन विषय मात्र सभेच्या नियमांनी वर्ज्य होते.

ह्या नियमाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. आपले जे वाचक बंगालच्या बाजूस नोकरीनिमित्त राहिले आहेत, त्यांना कलकत्त्याची हकीकत ठाऊक असेल. तेथील हिंदू कॉलेजात डेरोझिओ ह्या विशीही न गाठलेल्या शिक्षकाने १८२८ मध्ये विद्यार्थ्यांची चर्चासभा काढली. धर्म, दैव, सदाचार कशावरही बोलण्यास तेथे मज्जाव नव्हता. परिणाम असा झाला, की १८३१ च्या एप्रिलमध्ये डेरोझिओला कॉलेज सोडावे लागले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या शिष्यांनी पुढे १८३८ मध्ये दुसरी सभा काढली. तिच्या १८४३ च्या फेब्रुवारीतील बैठकीत दक्षिणारंजन मुखर्जी ह्यांनी कंपनीची न्यायालये व पोलीस ह्यांवर टीका करणारा निबंध वाचला. कॉलेजचे प्रमुख कॅप्टन रिचर्डसन मध्येच उठले आणि हे सभागृह राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, अशा अर्थाचे बोलले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. आपण येथे पाहुणे आहात, सभेची शिस्त मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांनी कॅप्टनसाहेबांस शांतपणे सुनावले. हा बाणेदारपणा कोणालाही आवडावा. तथापि त्यानंतर सभेला कॉलेजातील जागा सोडावी लागली, हेही तितकेच खरे.

मुंबईच्या तरुणांसमोर आणखी एक ताजा प्रसंग होता. १८३९ मध्ये पारशी मुलांच्या धर्मांतरावरून शहरात मोठे वादळ उठले होते आणि पालकांनी आपली मुले मिशनऱ्यांच्या शाळेतून काढून घेतली होती. विद्यार्थ्यांच्या सभेत धर्माचे नाव निघते तर पारशी व हिंदू ह्या दोन्ही समाजांतील वडीलधाऱ्यांनी ती दुसऱ्या दिवशी बंद पाडली असती. धर्म व राजकारण बाजूला ठेवून ह्या मुलांनी जे काम हाती घेतले, ते वस्तुतः कोणत्याही वादविवादाहून अधिक क्रांतिकारक होते, असे माझे मत आहे.

त्याच साली सभेच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी व मराठी ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ सुरू झाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, आणि तिच्यातूनच १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. सतरा-अठरा वर्षे ते चालले. मासिक सतरा वर्षे चालविणे म्हणजे काय, हे परप्रांतात मराठी नियतकालिक काढणाऱ्यांना सांगावयास नको.

पण सभेचे खरे कर्तृत्व मुलींच्या शाळांत आहे. ऑगस्ट १८४९ मध्ये बेहरामजी खरशेदजी गांधी ह्या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध झाला, चर्चा झाली, टाळ्या झाल्या. अशा सभा तेथेच संपतात. ही संपली नाही. वाचून काय उपयोग, करून दाखवू, असे तरुणांनी ठरविले. आपल्या नित्याच्या कामापूर्वी सकाळी सात ते दहा आपण विनावेतन शिकवू, अशी त्यांनी तयारी दर्शविली. ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा उघडल्या. पहिला पट असा होता : चव्वेचाळीस पारशी मुली आणि चोवीस हिंदू मुली.

हे अडुसष्ट आकडे सुखासुखी जमले नव्हते. तरुण मंडळी घरोघर जात. मुलीला बाहेर धाडायला आईबाप राजी नसले, तर ओटीवर बसून शिकवू द्या, अशी विनवणी करीत. काही बापांनी जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी दिल्याचे मसानी ह्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दादाभाईंच्या चरित्रात नमूद आहे. मुलीने लिहायला शिकणे म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणे, ही समजूत गिरगावात होती तशीच फोर्टातही होती. दादाभाई स्वतः फुकट शाळेत शिकलेले. हे शिक्षण लोकांच्या पैशावर झाले, ते लोकांना परत दिले पाहिजे, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

सरकारच्या शिक्षणमंडळाकडून मुलींच्या शाळांना पैसा नव्हता. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांची सहानुभूती मात्र होती. पैसा आला तो शहरातून. पारशी शाळांचा भार कामा घराण्यातील पुढाऱ्यांनी उचलला. मराठी शाळेला नाना शंकरशेट ह्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली आणि स्वजातीयांचा व सनातन्यांचा रोष पत्करला. पैसे देणारा वडील आणि पहाटे उठून शिकविणारा तरुण ह्यांची अशी गाठ पडली, म्हणून त्या शाळा टिकल्या. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांची शाळा, कलकत्त्यात मे १८४९ मध्ये बेथून ह्यांची शाळा आणि ऑक्टोबरात मुंबईची, असा तीन शहरांचा योग दीड वर्षात जुळून आला. पुण्याचे काम एका दांपत्याचे, कलकत्त्याचे एका उच्चपदस्थ साहेबाचे. मुंबईत मात्र ते विद्यार्थ्यांच्या मंडळाने केले.

वर्ज्य ठरलेला धर्म कोठे गेला, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. दादोबांच्याच प्रेरणेने १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. ती जातिभेद मोडू पाहत होती, पण गुप्तपणे. १८६० च्या सुमारास तिच्या सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे बाहेर पडण्याच्या भीतीने ती सभा विरून गेली. एकीकडे उघड्यावर चाललेली शाळा, दुसरीकडे बंद दाराआड घेतलेली शपथ. काही मंडळींचा दोन्हीकडे राबता असावा.

विद्यापीठ आले तेव्हा ते केवळ परीक्षा घेणारे होते. अध्यापन स्वतः करावे, ही मुभा त्याला १९०४ च्या कायद्याने मिळाली. विद्यार्थी कोठे जमतो, कोणाला शिकवतो, ह्याची पंचाईत त्याला करावयाची नव्हती. सेवेला विद्यापीठीय रूप मिळाले ते गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सप्टेंबर १९६९ मध्ये, सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा. आणि नव्या विद्यार्थ्याला जुन्याने सांभाळून घ्यावे, ही गोष्ट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या ‘दीक्षारंभ’ कार्यक्रमात मार्गदर्शिकेच्या रूपाने सांगितली. मार्गदर्शिका वाईट नाहीत. परंतु बेहरामजींच्या निबंधानंतर शाळा काढा असे कोणी लिहून दिलेले नव्हते, आणि सकाळच्या तीन तासांची हजेरीही कोणी मागितली नव्हती.

प्रा. पॅटन ह्यांच्यानंतर काही काळाने अध्यक्षपद एका हिंदी माणसाकडे आले : एल्फिन्स्टनचेच जुने विद्यार्थी आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील वैद्य, डॉ. भाऊ दाजी लाड. दादाभाई जून १८५५ मध्ये व्यापारासाठी विलायतेस निघून गेले. पारशी मुलींच्या शाळा यथाकाल पारशी समाजाने आपल्या स्वतंत्र मंडळाकडे घेतल्या, आणि मराठी शाळा सभेकडेच राहिल्या.