कसबे रहिमतपूर : नोंदीतली आणि नोंदीबाहेरची घराणी

इंग्लंडमध्ये 1538 साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एका वहीत लिहून ठेवावीत असे ठरले. तिकडच्या एखाद्या बाजारगावातल्या मजुराचा वंशज आज आपले कूळ चारशे वर्षे मागे नेऊ शकतो, तो ह्या वहीच्या आधारे. आपल्याकडे असे काही होते का, असा प्रश्न आमच्या वर्गात नेहमी निघतो. सातारा जिल्ह्यातील, कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार करणे आम्हांला सोयीचे वाटते. कारण ‘कसबा’ ह्या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे पेठ आणि अंमलदारांचा राबता असलेले गाव, ह्या गावाला नेमका लागू पडतो.

गावाच्या नावात ‘रहमत’ आहे, कृपा. आदिलशाहीतील मातब्बर सरदार रणदुल्लाखान ह्याचा दर्गा म्हणून ओळखली जाणारी वास्तू आणि मशीद गावात आहे. 1638 च्या सुमारास कर्नाटकच्या मोहिमेत शहाजीराजे ज्याच्यासमवेत होते, तोच हा रणदुल्लाखान. मशिदीजवळ हत्तीकडून पाणी ओढून घेण्यासाठी बांधलेला, चढणीची वाट असलेला मनोरा आहे. 1885 च्या सातारा गॅझेटियरने त्याची आवर्जून दखल घेतली. सुलतानी स्थापत्यावरच्या आपल्या पुस्तकांतून मात्र विजापूरच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

घराण्यांकडे वळले की प्रथम नाव येते ते रहिमतपूरकर माने ह्यांचे. येथे भाषेची एक गंमत आहे. रहिमतपुरात कोणीही रहिमतपूरकर नसतो. ‘कर’ हा प्रत्यय माणूस गाव सोडून गेला, निदान परक्या दफ्तरात त्याचे नाव चढले, की लागतो. मराठी आडनाव ही पुष्कळदा स्थलांतराचीच नोंद असते, आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने आडनावातल्या गावी जाऊन विचारले तर तेथे त्या आडनावाचे घर न सापडण्याचीच शक्यता अधिक.

मग कागद कोणते? पहिला, महजर. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याच्या कागदावर सगळ्यांच्या निशाण्या उमटत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. बलुतेदार येथे हजर आहेत. शिवेचा वाद असेल तर महाराची साक्ष निर्णायक ठरे. पण हे सारे वतनाचे कागद आहेत. ज्याला हक्क होता, त्याचीच नोंद झाली. मिरासदार सापडतो, उपरी कूळ सापडत नाही. विधवा सापडते ती दत्तकाचा वाद झाला तर. इंग्लंडच्या वहीत अनौरस मूलही बाप्तिस्म्यापुरते लिहिले जाई. आमच्या महजरात त्याला येण्यासाठी आधी कशावर तरी दावा सांगावा लागला असता. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यातला गावही हक्क आणि कर्तव्ये ह्यांच्याच जाळ्यातून दिसतो, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही.

दुसरा कागद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील ह्या वह्यांत गावागणिक, कुळागणिक पिढ्यांची नावे आहेत. चर्चच्या वहीला सर्वांत जवळचे असे हेच. पण यात्रेचा खर्च पेलणारेच तेथे पोचले.

1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि पाचच वर्षांनी, 1853 साली, रहिमतपुरात नगरपालिका आली. पुढे रेल्वे आली. नोंदी वाढल्या, त्यांची तऱ्हा बदलली.

ह्याच गावी वसंत कानेटकरांचा जन्म झाला. वडील कवी गिरीश, रविकिरण मंडळातले. मुलाची कर्मभूमी पुढे नाशिक झाली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) ह्या नाटकात त्यांनी राज्याचा इतिहास घराच्या उंबरठ्याच्या आत आणला : बाप, मुलगा, सावत्र आई. मराठी रंगभूमीवर घराण्याचा इतिहास असा गाजला खरा, पण ते घराणे छत्रपतींचे होते. गावातल्या कुळांच्या वाट्याला नाटककार येत नाही. त्यांच्या वाट्याला कोतवाल येतो.

हा तिसरा कागद, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू लिहिले जात, बहुधा मोडीत : नाव, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण. येथे वतन लागत नाही, यात्रा लागत नाही. शाळांतून मोडी गेली आणि ही पाने दोन पिढ्यांत निर्वाच्य झाली. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर तीच पाने पुन्हा उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. दाखल्याच्या ओढीने का होईना, एवढ्या कुटुंबांनी आपल्या पणजोबांची नोंद पूर्वी कधी मागितली नव्हती.

शोध एका शब्दाचा असतो. तो सापडला की पान मिटते. त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात, मेलेल्याचे वय आणि दुखणे लिहिलेले असते. दोनचार ओळी खाली त्याच आडनावाचे, अजून नाव न ठेवलेले मूल. मराठीच्या विद्यार्थ्याला मोडी शिकवायला आम्ही म्हणतो ते ह्या रकान्यांसाठी.