निरोप पानाचा, कंद मातीतला

आखाडा बाळापूरच्या शिवारात सोयाबीन आहे, हळद आहे. सोयाबीनची पेरणी लांबली की झाड बुटकं राहतं, पण फुलायचं ते फुलतंच. हळदीचं पान उन्हात आणि पीक मातीखाली अंधारात. मग वर काय चाललंय ते खालच्याला कळतं कसं? आजचा इतिहास या प्रश्नाचा आहे.

सुरुवात सोयाबीनपासूनच झाली. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी ‘बिलॉक्सी’ नावाचं सोयाबीन थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं. पेरण्या वेगवेगळ्या, पण फुलं जवळपास एकाच सुमाराला आली. १९२० साली त्यांनी मांडलं की झाड दिवस-रात्रीची लांबी ओळखतं. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान म्हणाले, ओळखतं ते पान, आणि तिथून काहीतरी निरोप शेंड्याकडे जातो.

कंदाचं काय? १९५६ साली ग्रेगरी यांनी बटाट्यावर कलमं करून दाखवलं, की कंद धरण्याच्या अवस्थेतल्या झाडाचा भाग दुसऱ्या झाडावर बसवला तर त्यालाही कंद लागतात. म्हणजे निरोप कलमातून खाली उतरतो. पण तो निरोप कसला, हे कळायला आणखी अर्धं शतक गेलं.

इथे थोडं थांबू. डीएनए म्हणजे तलाठ्याचं मूळ दप्तर समजा. ते जागचं हलत नाही. कामाला निघते ती नक्कल, म्हणजे आरएनए. नकलेवरून प्रथिन तयार होतं आणि ते काम करतं. बरेच दिवस सगळ्यांचं लक्ष दप्तरावर होतं: कोणतं पान उघडलं, कोणतं मिटलं. नक्कल निघाली की काम झालंच, असं धरून चालायचे.

२००६ साली आयोवा स्टेट विद्यापीठात डेव्हिड हॅनापेल, अंजन बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बटाट्याच्या ‘बेल-५’ या जनुकाचा आरएनए पानातून निघून रसवाहिन्यांतून खाली, जमिनीखालच्या आडव्या फुटव्यांच्या टोकाशी पोचतो. तिथेच कंद धरतो. यातली गंमत अशी: पानात ही नक्कल निघायला उजेड पुरतो, पण तिचा प्रवास वाढतो तो दिवस लहान झाल्यावर. नक्कल तयार असणं वेगळं आणि ती पोचणं वेगळं!

मग पोचवतं कोण? या आरएनएच्या शेपटाकडे एक भाग असतो, त्यावरून प्रथिन बनत नाही. २०१५ साली हॅनापेल यांच्या गटाने दाखवलं, की ‘पीटीबी-१’ आणि ‘पीटीबी-६’ ही दोन प्रथिनं नेमकी तिथे चिकटतात. ही प्रथिनं वाढवली तर कंदाचं उत्पन्न वाढलं, कमी केली तर घटलं. जनुक तेच, पण नक्कल टिकवणारा आणि नेणारा कोतवाल महत्त्वाचा ठरला.

अंजन बॅनर्जी पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले. २०१२ साली तिथल्या गटाने ‘पॉथ-१’ या आणखी एका बटाट्याच्या जनुकाचा आरएनए रसवाहिन्यांतून प्रवास करतो, हे दाखवलं. हे जनुक बेल-५ चं जोडीदार. दोघांची प्रथिनं मिळून काम करतात. म्हणजे या इतिहासाचं एक प्रकरण आपल्याच राज्यात लिहिलं गेलं.

आता तुम्ही विचाराल, आमच्या हळदीचं काय? बटाट्याचा कंद आणि हळदीचा गड्डा, दोन्ही खोडाचेच प्रकार, पण कुळं फार लांबची. बटाट्याचं उत्तर हळदीला आयतं चिकटवू नये. कोणी ‘जनुक सापडलं, आता उत्पन्न दुप्पट’ म्हणत बियाणं किंवा औषध विकायला आलं, तर या शंभर वर्षांची आठवण ठेवा. जनुक सापडणं ही अर्धीच गोष्ट असते. त्याची नक्कल कधी निघते, कोण सांभाळतं, कुठे पोचवतं, हे त्या त्या पिकात, त्या त्या हंगामात तपासावं लागतं. ते तपासलंय का, एवढं त्याला जरूर विचारा.