लिओनार्दो दा व्हिंची : शरीररचनाशास्त्रातील कार्य

(१५ एप्रिल १४५२ – २ मे १५१९). इटालियन प्रबोधनकाळातील चित्रकार व संशोधक. चित्रासाठी स्नायू नीट कळावेत म्हणून त्याने शरीररचनेचा अभ्यास सुरू केला; पुढे ज्ञानाची ओढच प्रबळ ठरली.

१५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात, आपले वय शंभराहून अधिक असल्याचे सांगणारा एक वृद्ध शांतपणे वारला. लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झालेल्या आणि यकृत सुकलेले त्याला आढळले. धमनीकाठिण्याच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांत ही नोंद मोडते.

त्याचे सर्वांत थक्क करणारे काम मात्र हृदयाच्या झडपांवरचे आहे. महाधमनीच्या मुळाशी रक्त भोवऱ्यासारखे फिरते आणि त्यामुळे झडप मिटायला मदत होते, असे अनुमान त्याने बैलाच्या हृदयाच्या अभ्यासातून काढले. ते पडताळण्यासाठी काचेची प्रतिकृती करून पाण्यात गवताचे बी सोडण्याची युक्ती त्याने लिहून ठेवली आहे. विसाव्या शतकातील प्रयोगांनी या भोवऱ्यांना दुजोरा दिला.

रक्ताभिसरण मात्र त्याला उलगडले नाही; प्राचीन वैद्य गेलेनच्या मतांची पकड घट्ट होती.

पाव्हियातील प्राध्यापक मार्कांतोनिओ देल्ला तोर्रे याच्यासोबत लिओनार्दो शरीररचनेवर काम करत होता; तो १५११ मध्ये प्लेगने दगावला आणि ते काम थांबले. लिओनार्दोने काढलेल्या शरीररचनेच्या आकृत्या अप्रकाशितच राहिल्या, ही वैद्यकाची मोठी हानी होय. १५४३ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसचा शरीररचनेवरील ग्रंथ छापला गेला, तेव्हाही त्या खाजगी संग्रहातच होत्या. आज त्यांतील बहुतेक विंडसरच्या राजसंग्रहात आहेत.