नाईलचा पूर आणि इजिप्तचा किनारा : एका मत्स्यक्षेत्राचा इतिहास

हिरोडोटसने आपल्या इतिहासग्रंथाच्या दुसऱ्या भागात इजिप्तविषयी लिहिताना एक लहानसा पुरावा नोंदविला आहे. किनारा अद्याप एका दिवसाच्या सफरीइतका दूर असतानाच समुद्रात ओळंबा सोडला, तर तो अकरा वाव खोलीवरून चिखल घेऊन वर येतो, असे तो सांगतो. इजिप्त ही नदीने घडविलेली भूमी होय, हे त्याला दाखवावयाचे होते. पुढील इतिहासकारांनीही त्या चिखलाकडे भूमीच्याच दृष्टीने पाहिले. गाळाने शेते कशी पिकली, पुराच्या उंचीवरून सारा कसा ठरला, यांविषयी विपुल लेखन झाले. तोच पूर समुद्रात शिरल्यावर तेथे काय घडवीत होता, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मात्र फार उशिरा, पूर थांबण्याच्या बेतात असताना, झाला.

पूर्व भूमध्य समुद्र हा स्वभावतःच नापीक समुद्र आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आत येणारे पृष्ठजल मुळातच पोषकद्रव्यांनी गरीब; आणि बाहेर जाणारे खोल पाणी उरलीसुरली पोषकद्रव्ये आपल्याबरोबर घेऊन जाते. अशा समुद्रात दरवर्षी ऑगस्टपासून शरदाच्या अखेरीपर्यंत इथिओपियाच्या पठारावरील पावसाचे पाणी रशीद व दुमियात या दोन मुखांतून ओतले जाई. स्कॉट निक्सन या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या पुराबरोबर वर्षाला ७,००० ते ११,००० टन उपयुक्त फॉस्फरस, निदान ७,००० टन अकार्बनी नायट्रोजन आणि सुमारे १,१०,००० टन सिलिका किनाऱ्यावर येत असे. सिलिकेचे कवच धारण करणाऱ्या करंडक वनस्पतींची त्यामुळे अल्पावधीत प्रचंड वाढ होई. अलेक्झांड्रिया येथील युसुफ हलीम यांनी १९६० साली या ‘नाईल-बहरा’चे निरीक्षण प्रसिद्ध केले. आपल्याकडील तारलीच्याच कुळातील सार्डिन मासा या बहराच्या मागोमाग नदीमुखांपाशी गोळा होई, आणि कोळ्यांचा खरा हंगाम तोच असे.

नदीला बांध घालण्याची प्रथा या काळी नवी नव्हती. त्रिभुजप्रदेशाच्या शिरोभागी मुहम्मद अलीच्या काळात सुरू झालेला बंधारा आणि १९०२ साली पुरा झालेले अस्वानचे पहिले धरण, ही दोन्ही पुराच्या मार्गात होती. तथापि अस्वानच्या जुन्या धरणाची दारे गढूळ पुरासाठी उघडी ठेवली जात व पूर ओसरू लागल्यावरच पाणी अडविले जाई. म्हणजे शेतीची व्यवस्था पालटली तरी समुद्राचा वाटा बव्हंशी त्याला पोहोचत राहिला. उच्च धरणाची कल्पना मात्र मूलतः वेगळी होती. एका वर्षाचे पाणी अनेक वर्षांसाठी राखून ठेवावयाचे, समुद्राला मिळणारे पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, हे त्यामागील गृहीत. जानेवारी १९६० मध्ये त्याचे काम सुरू झाले, मे १९६४ मध्ये नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि १९७० साली धरण पूर्ण झाले. १९६४ चा पूर हा समुद्राला मिळालेला अखेरचा नेहमीसारखा पूर ठरला.

परिणाम तात्काळ दिसून आला. समुद्राला मिळणारा प्रवाह नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. १९६२ साली सुमारे १८,००० टन असलेली सार्डिनची पकड त्या दशकाच्या अखेरीस वर्षाला हजार टनांच्याही खाली गेली, कोळंबीही घटली. धरणामागील विस्तीर्ण जलाशयात नवे मत्स्यक्षेत्र निर्माण झाले, हे खरे. धरणाचे समर्थक ते जमेच्या बाजूस मांडतात, तेही गैर नव्हे. पण तो जलाशय देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. रशीदच्या कोळ्याचे जाळे तेथे पोहोचत नव्हते. राष्ट्रीय बेरजेत अशी तूट सहज झाकली जाते.

ही अवस्था सुमारे पंधरा वर्षे टिकली. त्यानंतर १९८० च्या दशकात पकड पुन्हा वाढू लागली आणि पुढे धरणापूर्वीच्या पातळीच्याही वर गेली. पूर तर परतला नव्हता. मग समुद्राला अन्न कोठून मिळाले? निक्सन यांचे उत्तर असे, की नदीची जागा शेतांनी व शहरांनी घेतली. धरणामुळे बारमाही झालेल्या शेतीला गाळाऐवजी रासायनिक खते पुरवावी लागली व त्यांतील अंश निचऱ्याच्या कालव्यांतून वाहून गेला. कैरो व अलेक्झांड्रिया यांची लोकसंख्या वाढली, नळाचे पाणी व मैलापाण्याच्या वाहिन्या दूरवर पोहोचल्या, आणि तेही पाणी अखेर किनाऱ्याकडे गेले. केवळ काळाच्या जुळणीवर उभा असलेला हा तर्क आरंभी दुबळा होता. यांत्रिक होड्या व वाढती मासेमारी यांनीही पकडीचे आकडे फुगतात, हा आक्षेप रास्त होता आणि तो पूर्णपणे निकालात निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु २००९ साली ऑटम ओच्कोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या शरीरातील नायट्रोजनच्या समस्थानिकांचे मापन करून या तर्काला स्वतंत्र आधार दिला. तत्कालीन मत्स्योत्पादनाचा साठ ते शंभर टक्के भाग खते व सांडपाणी यांवर पोसलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षानंतर ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द जपून वापरावा लागतो. पूर्वीचे अन्न एका ऋतूत, वाहत्या नदीमुखांतून, सिलिकेसह येत असे; नवे अन्न वर्षभर झिरपते, आणि त्याचा मोठा भाग किनाऱ्यालगतच्या मरियूत, इद्कू, बुरुल्लुस व मन्झाला या उथळ सरोवरांतून पुढे जातो. मरियूतने अलेक्झांड्रियाचे आणि मन्झालाने बहर अल्-बकर नाल्यावाटे कैरोचे मैलापाणी झेलले. जी पोषकद्रव्ये खुल्या समुद्रात मासळी वाढवितात, तीच या सरोवरांत प्राणवायू संपवून मासळी मारतात. वार्षिक पकडीच्या तक्त्यात मात्र १९६२ चा टन व १९९० नंतरचा टन एकाच रकान्यात बसतात. गाळाची भरपाई तर कशानेच झालेली नाही. रशीदचे भूशिर लाटांनी खचत गेले, आणि ते थोपविण्यासाठी तेथे दगडी भिंती बांधाव्या लागल्या.